सालीचा तुकडा

पहाटे वडील गेले आणि दुपार व्हायच्या आत चान्नी पांढऱ्या सुतकी कपड्यांतच त्यांच्या ताडावर चढली. त्यांनी काल संध्याकाळी टांगलेली बांबूची नळी वर तशीच होती. रस गोड असेल तरच त्यांच्या हातचा शेवटचा गूळ होणार होता. “ऊन चढलं, पोरी. एव्हाना त्याची ताडी झाली असेल,” काका खालून म्हणाले. “माझ्यासाठी घोटभर ठेव.” चान्नी कंबोडियातल्या कोंपोंग स्पूच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. वडील नळीत टाकायचे त्या झाडाच्या सालीच्या तुरटपणाने यीस्टच्या एन्झाइमचं काम अडतं आणि रस आंबत नाही, असं तिने समजावलं तेव्हा वडील हसले होते. “आम्ही त्याला नुसतं ‘थांब’ म्हणतो, मास्तरीणबाई.” तिने नळी तोंडाला लावली. त्यांनी तासलेला सालीचा तुकडा ओठांना लागला. रस गोड होता. सांगणारा गेला तरी तो थांबला होता. “काका, चूल पेटवा.”