न दिसणारं नाव

मुलांनो, कल्पना करा, साल आहे १९८७ आणि जिंतूरच्या तुमच्या शाळेत पहिलाच कॉम्प्युटर आलाय. आकडा देऊन अक्षरांचा रंग ठरवायच्या प्रोग्राममध्ये तुमच्या वर्गातल्या शिवकांतानं आपलं नाव लिहिलं, पण निळ्या पडद्यावर काहीच उमटेना.

"बिघडला. परभणीला दुरुस्तीला धाडावा लागंल," सर म्हणाले. परत कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थांबा की सर. अक्षरंबी निळीच असली तर दिसतील कशी?" शिवकांतानं अक्षरांच्या रंगाचा आकडा बदलला. तिचं नाव लालभडक झळकलं.

सरांनी अभिमानानं तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. तिनं आकडा पुन्हा पहिल्यासारखा केला, नाव दिसेनासं झालं. मग ती खुर्चीवरून उठली आणि मागच्या बाकावरच्या तानूला म्हणाली, "ये, आता तू दुरुस्त कर."