बिळाच्या तोंडाशी

चाकणच्या त्या गोदामाखालची जमीन घुशींनी पोखरली होती, म्हणून सुपरवायझर शेखरनं म्हाताऱ्या चिमाजीला बोलावलं. गोदाम उभं राहण्याआधी तिथं चिमाजीचंच भुईमुगाचं वावर होतं, आणि घुशीचं बीळ तो नुसत्या वासावरून ओळखायचा.

"घूस अंग घासून तोंडाशी आपला वास ठेवती, सायेब," तो म्हणाला. "दुसरी आली की हुंगून वळखती, आत कोण हाय ते."

भर दुपारी भिंतीलगतचं नवं बीळ हुंगायला तो वाकला आणि तसाच थबकला. घुशीचा उग्र दर्प आलाच नाही. आला तो तंबाखू, चुना आणि घामाचा वास. चिमाजीनं आपली बाही नाकाशी नेली. तोच वास होता.

"गोदाम झाल्यापास्नं हितं पाऊल न्हाई टाकलं मी," तो पुटपुटला. पुढची तीन बिळं हुंगली, तर तिथंही तोच.

"सिमेंट ओतायला सांगू का, काका?" शेखरनं विचारलं.

"नगा!" चिमाजी ओरडला. आपलाच जीव आत कोंडला जाईल, असं त्याला वाटून गेलं होतं.

तेवढ्यात बिळातून एक थोराड घूस बाहेर आली. मग दुसरी, मग आणखी चार. उजेडाला किंवा माणसाला त्या बुजल्या नाहीत. पाळीपाळीनं त्यांनी चिमाजीचे हात हुंगले आणि दोन्ही बाजूंना सरकून वाट मोकळी केली.

"काका, मागं या!" शेखर किंचाळला.

चिमाजीचे गुडघे मातीला टेकले होते. बीळ आता त्याला पुरेसं रुंद दिसत होतं.