एका झाडाची दोन नावं

“सेदरच्या पाल्याच्या काढ्याचा एकच पेला,” एद्विज सांगत होती. “रात्रभर उलट्या. वाटलं, संपलं सगळं. आणि दोन दिवसांनी मी उठून सूप मागितलं.”

शेजारच्या रोझेरने ही गोष्ट चर्चच्या पायऱ्यांवर ऐकली होती, वाण्याच्या दुकानातही ऐकली होती. आज मात्र तो मन लावून ऐकत होता. त्याची म्हातारी आई ख्रिसमसपासून अंथरुणाला खिळली होती.

तेओदूल चुलीत लाकडं सारत होता. “डॉक्टरांनी त्याच आठवड्यात औषध बदललं होतं,” तो मागे न वळता म्हणाला. “गुण त्या औषधाचा.”

“बघ, पुन्हा तेच. दोन वर्षं यानं माझं अंग पुसलं, घास भरवले, आणि श्रेय द्यायचं डॉक्टरला.”

“मास्तर, बायकोनं कौतुक केलं तर एवढं लाजायचं नसतं,” रोझेर म्हणाला.

तेओदूलने जन्मभर गावच्या पोरांना लॅटिन शिकवलं होतं. एद्विज बरी झाल्यापासून मात्र तो माणसांतून उठल्यासारखा झाला होता. तिने प्रेमाने हात धरला की त्याला काहीतरी काम आठवे. आणि गावातले लोक त्याच्या अंगणातल्या सेदरच्या झाडांच्या कुंपणाकडे वेदीकडे बघावं तसे बघत.

“त्या झाडाचं लॅटिन नाव काय हो?” रोझेरने विचारलं.

“आर्बोर विते. जीवनाचं झाड,” एद्विजनेच सांगितलं. “फ्रान्सचे खलाशी इथे बर्फात अडकले, हिरड्या सडून मरायला लागले. इथल्या मूळच्या लोकांनी त्यांना पाल्याचा काढा पाजला. जगले त्यांच्यामुळे झाडाला हे नाव पडलं. हो ना रे?”

“तसं म्हणतात.”

“शाळेत तुम्ही आणखी एक नाव घोकून घेतलं होतं,” रोझेर डोकं खाजवत म्हणाला. “थू... थूया?”

“ते जुनं नाव.”

“त्याचा अर्थ काय?”

तेओदूलने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“बरं, ते राहू द्या. चार फांद्या न्याव्या म्हणतो. आईसाठी.”

“नाही.”

“मास्तर, कुंपण काय संपणार आहे का?”

“नको म्हणतोय ना तो, रोझेर,” एद्विज म्हणाली. ती आता हसत नव्हती.

रोझेर टोपी घालून निघून गेला.

तासाभराने तेओदूल लाकडं आणायला बाहेर पडला. कुंपणाच्या कोपऱ्यात खिंडार पडलं होतं. बर्फावर हिरवा चुरा सांडला होता आणि बुटांचे ठसे रोझेरच्या घराकडे गेले होते.

तो कोटाशिवाय पळत सुटला.

रोझेरच्या स्वयंपाकघरात भांडं चुलीवर होतं, काढा उकळून काळपट झाला होता. म्हातारीला उशीला टेकवून बसवलं होतं, पेला तयार होता. तेओदूलने तसंच नुसत्या हातांनी भांडं उचललं, दार ढकललं आणि सगळा काढा बर्फात ओतून दिला.

रोझेरचा चेहरा लाल झाला. “तुमची बायको जगली. माझी आई मेली तरी तुम्हाला चालेल, असंच ना?”

“थूयाचा अर्थ विचारत होतास,” तेओदूल धापा टाकत म्हणाला. “ग्रीकांकडून आलेला शब्द आहे. आगीत धूप जाळणं. बळी देणं. एवढ्या कडक काढ्याने माणूस जातो, रोझेर.”

रोझेर त्याच्याकडे बघत राहिला. “मग एद्विजबाईंना कसा दिलात?”

“तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.”

रोझेरने तयार ठेवलेला पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हातारी खाटेवरून म्हणाली, “मला वाटाण्याचं सूप दे रे. त्या हिरव्या पाण्याचा वास मला मुळीच आवडला नव्हता.”

रोझेरने तेओदूलच्या खांद्यावर हात ठेवला. “अजाणता झालं, मास्तर. मनाला लावून घेऊ नका. देवानं सांभाळलं.”

तेओदूलला मान वर करता आली नाही.

घरी एद्विज दारातच उभी होती. तिने त्याचे भाजलेले तळवे पाहिले, त्याला खुर्चीत बसवलं आणि गार पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवलं.

“काढा ओतून दिलास?”

“हो.”

“बरं केलंस.”

“एद्विज, मला तुला काही...”

“हात बुडव आधी.”

त्याने हात पाण्यात घातले. ती समोर बसली आणि त्याची मनगटं धरून ठेवली. या वेळी त्याने ती सोडवून घेतली नाहीत.

“त्या संध्याकाळी तू पेला माझ्या ओठांना लावलास, तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतास,” ती हळूच म्हणाली. “तो कशासाठी देतोयस, ते मला तेव्हाच कळलं होतं, तेओदूल. मलाही सुटका हवी होती, म्हणून तर मी थेंबही ठेवला नाही.”