तिसरं माणूस

डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून दवाखान्याकडे उतरणारी पायवाट आज सूर्य मावळायच्या आत तीन माणसांनी चालायला हवी होती, नाहीतर ती नकाशातून पुसली जाणार होती. नकाशात नसलेल्या वाटेवर आपोआप चालणारी डोली पाय ठेवत नाही, आणि तानूआत्याला दर आठवड्याला रक्त शुद्ध करायला त्याच डोलीतून खाली जावं लागे.

सड्यावर तिसरे होते भागोजीआप्पा. ते मंगळवारी वारले.

“असला नियम केला तरी कोणी?” आत्या काठी टेकत, धापा टाकत म्हणाली.

“आम्हीच,” कुंदा म्हणाली. खोट्या वाटा गळाव्यात म्हणून नकाशाच्या स्वयंसेवकांनी तो एकमताने ठरवला होता. तिनेही हात वर केला होता.

तिने पाठीची झोळी सोडून दहा महिन्यांच्या रेवाला जांभ्यावर उभं केलं. पाठीवरचं माणूस नकाशाच्या मोजणीत येत नाही.

“चल गं माझी बाय.”

आईची बोटं धरून रेवाने चार पावलं टाकली, मग खाली बसली आणि खडे वेचत थेट वळणापर्यंत रांगत गेली.

“आप्पाच्या जागी आली हो,” आत्या हसली, “तीही बोळकीच!”

कुंदाच्या हातातला फोन वाजला. ‘माणसं दोन. चार पायांचं जनावर एक.’

“काय म्हणतो गं?”

“मोजतोय अजून,” कुंदा म्हणाली. तिने लेकीचे सोललेले गुडघे पदराने पुसले आणि तिला पुन्हा उभं केलं. वळणावरचं ऊन तेवढ्यात सरकलं होतं.