आपोआप भरणारा डबा

"कुणाला पटायचं नाही," बायकोच्या तेराव्याच्या पंगतीत नारोबुवा सांगू लागले, "पण मी जन्मात कधी पोटाची चिंता केली नाही. सारा भार देवावर! पहाटे आमच्या तांदळाच्या डब्याचं झाकण आतून उचललं जायचं, इतका तो भरायचा."

शेजारच्या दोघांनी हात जोडले, तसा बुवांना चेव आला. त्यांनी गोष्टीत आढ्यातून तुपाची धारही सोडली. तो डबा त्यांनी स्वतः एकदाही उघडला नव्हता.

भात वाढणारी लेक त्यांच्या पानापुढे थांबली.

"आज तरी खोटं बोलू नका, अण्णा. तांदूळ आई गिरणीत राबून आणायची. आणि सोमवार, गुरुवार, शनिवार तिचे उपास असायचे ना? त्या दिवशी तुम्ही दोनदा भात घ्यायचात, तो तिच्या वाटणीचा होता."