मुठीचं माप

पोलीसबाईने बूट दारातच काढले, तेवढं सुलक्षणाबाईंना बरं वाटलं.

"चहा मिळायचा नाही, सांग तिला," त्या अनुयाला म्हणाल्या. "आज या घरात गॅस पेटत नाही. नाहीतर म्हणेल, म्हातारीने पाणीसुद्धा विचारलं नाही."

अनुया शेजारच्या गावात राहायची, साउथहॅम्प्टनला नर्स होती. सुलक्षणाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. येताना पिठलं-भाताचा डबा घेऊन आली होती. मयताच्या घरी न्यायचा असतो, तसा.

संध्याकाळचे आठ वाजले होते तरी बाहेर शेतावर लख्ख ऊन होतं. तळघराच्या दाराला पोलिसांनी पट्टी लावली होती. अंबरीशला नुकतंच नेलं होतं. त्याचे बूट मात्र दारातच होते, पोलीसबाईच्या बुटांना लागून. सुलक्षणाबाई त्या चार बुटांकडे बघत होत्या. पोटचा मुलगा गेला, पण डोळ्याला पाणी नव्हतं.

सून वरदा कोपऱ्यात बसली होती. जूनचा उकाडा, तरी बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. पोलीसबाईने तिकडे दोनदा बघितलं होतं.

"काकू, त्या विचारतायत, वरदा साडेसहाच्या बसने उतरली. अँब्युलन्सला फोन केला सहा चाळीसला. मधल्या दहा मिनिटांत काय झालं?"

"काय व्हायचंय? ही आली तेव्हा तो गार झाला होता. ही दारात बसून थरथरत होती. आकडे दाबायला बोटं जागेवर लागतात."

"आणि तो कधी आला?"

"पावणेसहाला. बूट काढले, आणि बाटली आणायला तळघरात निघाला. देवाला नमस्कार राहिला तर राहिला, बाटली राहायची नाही. वरच्या पायरीची फळी निसटली. दाणकन आवाज आला. एकदाच."

अनुयाने सांगितलं. पोलीसबाई काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतायत, घर दोनशे वर्षांचं, फळी निघूही शकते. पण कोणी ढकललं तरी माणूस तसाच पडतो. तुम्ही पाऊण तास काय केलंत?"

"हाका मारल्या. मग बसले. हे गुडघे, ही भाषा. कोणाला सांगणार होते, भिंतीला?"

"आणि त्याआधी?"

"आधी काय! पाचला कुकर लावला. बाकी सगळं ही करते, पण भात मीच लावते. हिच्या हातचा भात म्हणजे एक दिवस डोंगर, एक दिवस उपास. माझं मुठीचं माप. पंचावन्न वर्षांत एक शीत उरलं नाही, की कोणी उपाशी उठलं नाही. अंबरीशला तर आल्या आल्या भात लागतो, आम्हा दोघींच्या दुप्पट."

"हे पण सांगू?"

"सांग की. तिलाही कळू दे."

पोलीसबाईने तेही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून एकच प्रश्न विचारला. अनुयाला तो मराठीत सांगवेना.

"बोल गं. लाजतेस काय?"

"अंबरीश वरदाला मारायचा का?"

माझा मुलगा हाडांचा डॉक्टर, हे सुलक्षणाबाई साउथहॅम्प्टनच्या गणपतीत दरवर्षी दहा जणींना ऐकवायच्या. आणि सुनेला टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. वरदाने मान खाली घातली.

"मारायचा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "हाडांचा डॉक्टर ना. कुठे मारलं की मोडत नाही, ते त्याला ठाऊक. गेल्या आठवड्यात मात्र चुकला. हिची करंगळी बघा."

वरदाने हात पदराआड घ्यावा तसा ओढणीत घेतला.

"बापावर गेला. बापाचं मी झाकलं, याचंही झाकलं."

अनुया हे सांगताना दोनदा अडखळली. पोलीसबाईचा आवाज मऊ झाला, पण प्रश्न मऊ नव्हता.

"त्या म्हणतायत, मग वरदाला कारण होतं. पावणेसहाला तो पडला, याला तुमच्याशिवाय साक्षीदार नाही. साडेसहानंतर पडला असेल, तर वरदाला त्यांच्याबरोबर जावं लागेल."

"अहो आई..." वरदा पहिल्यांदा बोलली.

"तू गप्प बस." सुलक्षणाबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "सांग तिला. मी त्याची आई आहे. सुनेला वाचवायला मेलेल्या पोराबद्दल खोटं बोलणारी सासू तुमच्या इंग्लंडात असेल. आमच्यात नसते."

पोलीसबाईने वही मिटली. डॉक्टर मृत्यूची वेळ सांगतीलच, ती जुळली तर कोणाला कुठे न्यायची गरज नाही, म्हणाली. दारात बूट घालताना तिने वरदाच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी गेली. अनुयाने सुलक्षणाबाईंचा हात धरला.

"काकू, खरंखोटं मी विचारत नाही. पण सुनेसाठी एवढं कोणी करत नाही."

"मी काय केलंय?" त्यांनी हात सोडवून घेतला. "डबा काढ. ही सकाळपासून उपाशी आहे."

अनुयाने डबा उघडला. पिठल्याचा वास खोलीभर झाला. "वरदा, कुकरमधलं टाकून दे गं. मयताआधी शिजलेलं खायचं नसतं."

वरदाने सासूकडे बघितलं. सासू दाराकडे, एकट्या राहिलेल्या बुटांकडे बघत होती.

"टाक," त्या म्हणाल्या.

वरदा स्वयंपाकघरात गेली. कुकरचं झाकण गार झालं होतं. भाताला कोणी हात लावला नव्हता, वरचा थर तसाच सपाट होता.

भात बरोबर दोघींपुरता होता.