बुजलेल्या सालाची अधेली

"हरिभाऊ, ह्यां बगा नि काय तां खरां सांगा," म्हणत भागोजीने ओटीवर एक जुनी बंडी पसरली आणि तिच्यावर अधेली, आठ आण्यांचं नाणं, ठेवली. त्याची भावजय सगुणा मागे खांबाला टेकून उभी होती.

हरिश्चंद्राने चष्मा शोधायला नको तितका वेळ लावला. घरी माणूस आलं की तो असाच रेंगाळे. काम लवकर उरकलं तर आलेलं माणूस लवकर उठून जाईल ना! टाकसाळीत तयार नाण्यांतली बिघडलेली वेचून काढण्यात त्याची उभी हयात गेली. तो नोकरीत असतानाच बायको वारली, मूलबाळ नव्हतं. पेन्शन घेऊन पावस गावच्या वाटेवरच्या या घरात आला तेव्हापासून घर त्याला खायला उठे. कुणाला विचित्र नाणं मिळालं तरच कुणी त्याची पायरी चढे. एरवी दिवाळीत शेजारची सगुणा निरांजन घेऊन येई. तिला भाऊ नव्हता, ह्याला बहीण नव्हती. बाकी वर्षभर ती कुंपणापलीकडून "जेवलात काय?" एवढंच विचारी, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघे.

"विठूदादाच्या बंडीत गावली," भागोजी म्हणाला. "काठात शिवलेली. वैनी काल काठ उसवीत होती, पुतळ्याला घालायची म्हणून."

पुतळा विठूचाच, सगुणेच्या नवऱ्याचा. तो जर्मनीच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. सोळा साली त्याचं शेवटचं पत्र आलं आणि मग काहीच नाही. लढाई संपून दोन वर्षांनी गावचा केरू परतला, त्याने छावणीत बेवारशी पडलेलं विठूचं गाठोडं आणलं. त्यातच ही बंडी होती. आता एकोणीसशे अठ्ठावीस साल. शेवटच्या खबरीपासून बारा वर्षं उलटली की हरवलेला माणूस गेला असं धरायचं आणि दर्भाचा पुतळा जाळून त्याला मोकळं करायचं. येत्या अमावास्येला पुतळा जळणार होता. त्याच दिवशी सगुणेचं कुंकू पुसलं जाणार होतं.

"मला हौस नाय हो," भागोजी म्हणाला. "आई सपनात येते. म्हणते, माझ्या पोराला पाणी कोण देनार? पन वैनी म्हणते, नाण्यावरनं काय तरी कळंल. आनि साल तर दिसतच नाय."

हरिश्चंद्राने नाणं उचललं. पुसायला फडकं घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. अधेली लख्ख होती. त्याने ती उजेडात धरली. सालाचे आकडे बुजलेले. मोठ्या आठाच्या आकड्यापासून काठापर्यंत केसाएवढी उठलेली रेघ. त्या रेघेवरून त्याने एकदा अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"काय झालां?" भागोजीने विचारलं.

"नाणं पाडायच्या ठशाला तडा गेलाय. तड्यात धातू शिरला की अशी रेघ उठते. आणि सालाच्या जागी तेलाचा मळ साचला, म्हणून आकडे उमटले नाहीत. असला ठसा लगेच काढून टाकतात. एखादंच नाणं नजर चुकवून बाहेर पडतं. अशी दुसरी मी पाहिलेली नाही."

"तुमच्या डब्यात पन नाय?"

हरिश्चंद्राने विचित्र नाण्यांचा डबा उघडून दाखवला. प्रत्येक नाण्याला कापसाचं घरटं होतं, एक तेवढं रिकामं. "नाही. माझ्याकडे नाही."

"मग हिकडच्याच बाजारात कुनाला गावली आसंल तर?"

"ह्या अधेल्या सरकारने चार वर्षांमागे परत घेतल्या. खोट्या फार निघाल्या होत्या. आता बाजारात शोधून मिळायची नाही."

"मग साल?"

मागे बांगड्या वाजल्या. हरिश्चंद्राने वर पाहिलं नाही.

"लढाईत चांदी पुरेना, म्हणून ह्या निकेलच्या काढल्या. पहिली अधेली पडली ती एकोणीस साली. मी तिथेच कामाला होतो. त्याआधीची ही असूच शकत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे एकोणीस साली विठू जिवंत होता. ही त्यानेच बंडीत शिवली. बारा वर्षं तिथून धरा."

 भागोजीने बंडी उचलून डोळ्यांना लावली आणि हुंदके देऊन रडू लागला. आपण भावाला जिवंतपणीच मेला धरून बसलो, याची त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. हरिश्चंद्राला ते बघवेना.

"देवळात येऊन सांगाल? चार जनांसमोर, नारळावर हात ठेवून?"

नाण्याच्या बाबतीत हरिभाऊ कधी खोटं बोलत नाही, हे सारा गाव जाणून होता. ह्या एकट्या माणसाची गावात तेवढीच काय ती पत होती.

"येईन," तो म्हणाला.

भागोजी अधेली उपरण्यात बांधून पुढे झाला. सगुणा कुंपणापाशी थांबली. तिने मान वर केली नाही.

"जेवलात काय?"

"जेवतो आता," हरिश्चंद्र म्हणाला.

ती गेली. तो पुन्हा ओटीवर आला आणि डबा बंद करता करता रिकाम्या घरट्यातला कापूस त्याने बोटाने सारखा केला. गेल्या महिन्यात भाऊबीजेला सगुणेने ओवाळलं, तेव्हा नाण्याची सगळी हकिकत सांगत त्याने हीच अधेली इथूनच उचलून तबकात घातली होती.